जोतिबाचा खेटा आणि चिक्कोडीची अज्जी

माघातले खेटे म्हणजे आमची कोल्हापूरकरांची वारीच. रविवारी पहाटे पंचगंगेत आंघोळ करायची, चपला घरीच ठेवायच्या आणि शिवाजी पूल ओलांडून वडणगे, निगवे, कुशिरे करत गायमुखाकडनं डोंगर चढायचा. १७-१८ किलोमीटर होतात. तळपायांचं काय होतं ते न बोललेलंच बरं.

यंदा वडणग्यापासून चिक्कोडीकडची एक आजी सोबत लागली. तिची नातवंडं पुढं पळालेली. तिला मराठीत 'चांगभलं'च्या पलीकडं येत नव्हतं आणि माझं कन्नड 'बेकु', 'साकु', 'बेडा' एवढंच. म्हणजे पाहिजे, पुरे, नको. मी आजी म्हटलं, तिनं अज्जी ऐकलं. तिनं मला अण्णा केलं. वयानं मी तिच्या लेकासारखा, पण चालण्याच्या नादात कोण हिशोब ठेवतंय.

निगव्यात टपरीवर थांबलो. "चहा?" "चहा." बोलणं संपलं. चीनमधनं निघालेला हा शब्द तुर्कस्तान, रशिया, पूर्व आफ्रिका असा चा नाहीतर चाय होऊन फिरलाय, त्याला चिक्कोडी किती लांब! टपरीवाला साखर टाकायला लागला तशी अज्जी ओरडली, "सक्करे बेडा! शुगर, शुगर!" एका दमात दोन्ही. सक्करे काय, शुगर काय, दोघी संस्कृतातल्या शर्करेच्याच लेकी. थोरली इथंच नांदली. धाकटी इराण, अरबस्तान, युरोप फिरून परत आली ती थेट डॉक्टरच्या चिठ्ठीवर.

गायमुखाला टेकलो तेव्हा तिनं कनवटीची पिशवी सोडली. "तंबाकु." देवाच्या वाटेवर तंबाखू नको, असं म्हणणारी माणसं आमच्यातही आहेत, मी त्यातला नाही. चुन्याला ती सुण्ण म्हणाली, तेवढं कळलंच. तंबाखू, बटाटा, अननस ही सगळी अमेरिकेतली पिकं. पोर्तुगीजांच्या जहाजांतनं आली, ती नावं घेऊनच उतरली. वस्तू परकी असली की नाव आयतं मिळतं, भांडणच नाही. खरी अडचण घरच्या वस्तूंची. नारळ इकडंही जुना, तिकडंही जुना, मग ज्यानं त्यानं आपापलं नाव आधीच ठेवलेलं.

ते वर दुकानात कळलं. गुलाल मागितला, लगेच मिळाला, कन्नडातही गुलालच. मग अज्जी म्हणाली, "कायी."

"काय?" दुकानदार.

"हां, कायी!"

"अहो आजी, काय पाहिजे काय?"

"कायी बेकु!"

मला बेकु कळत होतं, अडलं होतं ते अलीकडं. मागं रांग वाढली. एक पोरगं हसायला लागलं. शेवटी अज्जीनं पुढं होऊन नारळाच्या ढिगावर थाप मारली. देवाला वाहायचा नारळ म्हणजे तिकडं नुसता 'कायी'.

"मग नारळ म्हणा की!" दुकानदार वैतागला.

"नारळ," ती म्हणाली. "एष्टु?"

हे मात्र त्याला बरोबर कळलं. दहा-दहाची चार बोटं त्यानं वर केली. अज्जीनं त्यातलं एक धरून मिटवलं.

"परवडत न्हाई ओ," तो म्हणाला, आणि नारळ सोलायला घेतला.