खो द्यायला उशीर

आमच्या आईस हॉकी टीमच्या हेड कोचच्या बायकोला शुक्रवारी रात्री कळा सुरू झाल्या, तारखेच्या दहा दिवस आधीच, आणि तो मॅच संपल्यावर हॉटेलवर न येता परस्पर भाड्याची गाडी काढून साडेपाच तासांवरच्या घरी निघाला. जाताना रिंकच्या पार्किंगमधे मला एवढंच म्हणाला, शनिवार-रविवार तुझा, काही अडलं तर फोन करू नकोस. मी हसलो. मनातून खूष होतो, खोटं कशाला बोलू. चार वर्षं असिस्टंट आहे आणि बेंच एकट्याने सांभाळायची ही पहिलीच वेळ होती.

थोडं मागचं सांगतो नाहीतर पुढचं कळणार नाही. मी मूळचा मिरजेचा, म्हणजे वयाच्या नवव्या वर्षापर्यंत. मग बाबांच्या नोकरीमुळे ब्रॅम्प्टनला आलो, टोरंटोच्या शेजारी, आणि तिथे गल्लीतली पोरं जे खेळत होती तेच मी खेळायला लागलो. नवव्या वर्षी पहिल्यांदा स्केट्स घालणं म्हणजे फारच उशीर, तिकडची पोरं तीन-चार वर्षांची असताना बर्फावर धडपडायला लागतात, त्यामुळे खेळाडू म्हणून माझी उडी युनिव्हर्सिटी टीमपर्यंतच गेली, पुढे कोचिंग. आता ईसीएचएल नावाच्या अमेरिकेतल्या-कॅनडातल्या प्रोफेशनल लीगमधल्या एका टीमकडे आहे. टीमचं नाव नाही सांगत, ते एक असोच. सगळ्यात वर एनएचएल, त्याखाली एएचएल आणि त्याखाली आम्ही. आमची पोरं प्रोफेशनल आहेत पण पगार आठवड्याचा, तोही सीझनपुरता, प्रवास बसने, आणि सीझनला 72 मॅचेस. त्यातले कितीतरी वीकेंड शुक्रवार-शनिवार-रविवार अशा सलग तीन रात्री तीन मॅचेस. आणि असिस्टंट कोच म्हणजे आमच्या लेव्हलला पडेल ते काम: डिफेन्स बघायचा, पेनल्टी किल (शिक्षा होऊन आपला माणूस कमी असताना गोल वाचवायचा तो खेळ) बघायचं, व्हिडिओ कापायचे, आणि बसमधे कुठल्या स्टॉपला काय खायचं तेही मीच ठरवायचं.

ज्यांनी आईस हॉकी बघितली नाहीये त्यांच्यासाठी एकच गोष्ट नीट सांगतो कारण सगळी कथा तिच्यावर आहे. बर्फावर एका टीमचे गोलकीपर सोडून पाच जण असतात, तीन फॉरवर्ड आणि दोन डिफेन्समन, आणि हे पाच जण सतत बदलत राहतात, खेळ न थांबवता. एक माणूस 40-45 सेकंद जीव तोडून स्केटिंग करतो आणि बेंचवर परत येतो, त्याच्या जागी दुसरा कठड्यावरून उडी मारून आत जातो. याला शिफ्ट म्हणतात. मिनिटाच्या वर शिफ्ट गेली की पायात शिसं भरल्यासारखं होतं, डोकं पण चालेनासं होतं, मी स्वतः अनुभवलंय. आता गंमत अशी की मॅचच्या तीन पिरियडपैकी दुसऱ्या पिरियडला टीम्स बाजू बदलतात पण बेंच तिथेच राहतात, म्हणजे आपला गोल आपल्या बेंचपासून लांब जातो. बिचारे डिफेन्समन आपल्या गोलसमोर अडकले की बेंचपर्यंत यायला त्यांना सेंटरची लाल रेषा ओलांडून यावं लागतं. याला लाँग चेंज म्हणतात, आणि दुसऱ्या पिरियडमधे पहिल्यापेक्षा जास्त गोल होतात त्याचं मोठं कारण हेच. कोणता खेळाडू कधी आत जाणार हे बेंचवर उभा असलेला माणूस ओरडत असतो. आमच्याकडे फॉरवर्ड हेड कोच बोलवतो, डिफेन्स मी. त्या शनिवारी दोन्ही मीच.

हे मला अवघड जाईल असं आदल्या रात्री एकदाही वाटलं नाही. मी काय करत होतो तर समोरच्या टीमच्या पहिल्या लाईनला, म्हणजे एकत्र खेळणाऱ्या तीन फॉरवर्डना, आपली कुठली लाईन लावायची याचे कागद रंगवत बसलो होतो, तीन रंगांची पेनं घेऊन.

पहिला पिरियड झकास गेला. 3-1. आमचे दोन चांगले फॉरवर्ड त्याच आठवड्यात एएचएलने वर बोलावून घेतलेले, तरी 3-1. लॉकर रूममधे संगीत चालू, मी कागदावर टिक मारतोय.

दुसऱ्या पिरियडची पहिली सहा मिनिटं ठीक होती. मग पुढच्या अकरा मिनिटांत चार गोल खाल्ले. चार! बेंचवर उभं राहून ते बघताना कसं वाटतं सांगू का, दूध उतू जाताना दिसतंय, गॅस समोर आहे आणि हात हलत नाहीये. पहिला गोल झाल्यावर मी घाबरून टाईमआउट घेतला. मॅचला टीममागे एकच मिळतो. त्यात मी जे बोललो त्याला काही अर्थ नव्हता, शांत राहा, सोपं खेळा, असलंच काहीतरी. पुढच्या तीन गोलांना माझ्याकडे तेवढंही उरलं नाही.

त्या चारपैकी तीन गोलांच्या वेळी बर्फावर एकच चेहरा होता. 22 वर्षांचा डिफेन्समन, सस्कॅचवानमधल्या शेतकऱ्याचा पोरगा, त्याचा पहिलाच प्रो सीझन. त्याला मी इथे ट्रॅक्टर म्हणतो कारण टीममधे पण त्याला जवळपास तसंच म्हणतात. दोन्हीकडे सारखी माणसं असताना गोल खाल्ला की त्या वेळी बर्फावर असलेल्या आपल्या सगळ्यांच्या (गोलकीपर सोडून) नावासमोर मायनस पडतो. ट्रॅक्टर मायनस तीन. तिसऱ्या गोलला तर तो गोलसमोर नुसता उभा, त्याच्या बाजूने माणूस निघून गेला आणि याने स्टिकसुद्धा घातली नाही. मला वाटलं याने सोडून दिलंय. आणि मला, खरं सांगतो, त्या क्षणी कोणीतरी सापडल्याचं बरं वाटलं.

ब्रेकमधे मी लॉकर रूममधे जे बोललो ते मराठीत लिहिण्यासारखं नाही, इंग्लिशमधेही नव्हतं. तिसऱ्या पिरियडला ट्रॅक्टरला बसवला. पूर्ण 20 मिनिटं. पाच डिफेन्समनवर खेळलो. तो बेंचच्या टोकाला, दार उघडणाऱ्या बॅकअप गोलकीपरच्या शेजारी, खांद्यावर टॉवेल टाकून बसला होता आणि एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. आम्ही एक गोल परत केला, शेवटी गोलकीपर काढून सहावा माणूस घातला आणि रिकाम्या गोलमधे त्यांनी मारला. 6-4 हरलो. मॅचनंतर रेडिओवाल्याने विचारलं काय झालं, मी म्हणालो डिफेन्स जरा कच्चा आहे, पोरं नवीन आहेत, शिकतील. नवीन पोरं. अनेकवचन वापरलं म्हणजे मी सभ्य.

रात्री बस पुढच्या गावाकडे निघाली, तीन तास. मागे पत्ते चालू होते, हळू आवाजात, हरल्यावर जसे चालतात तसे. मी पुढच्या सीटवर लॅपटॉप उघडला. हे माझं रोजचं काम. सत्तरच्या दशकात रॉजर नीलसन नावाच्या कोचने मॅचच्या टेप लावून खेळाडूंना दाखवायला सुरुवात केली तेव्हा लोक त्याला चेष्टेनं कॅप्टन व्हिडिओ म्हणायचे, आज लॅपटॉपशिवाय बसमधे चढणारा एक कोच दाखवा मला. असो. ट्रॅक्टरच्या तीन क्लिप्स कापायच्या, सकाळी त्याला दाखवायच्या, हे बघ तू काय केलंस, असा बेत होता.

पहिली क्लिप. गोलपासून मागे जात जात मी शिफ्टची सुरुवात शोधली. 1 मिनिट 38 सेकंद. मला वाटलं मोजायला चुकलो. परत मोजलं, तेवढंच. 50 व्या सेकंदाला तो दमला होता आणि दमलेला माणूस करतो ते त्याने केलं, पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, स्टिकने उचलून लांब फेकला, तो थेट पलीकडची गोलरेषा ओलांडून गेला. ती आयसिंग. एनएचएलने 2005 मधे नियम केला की आयसिंग करणाऱ्या टीमला माणसं बदलता येत नाहीत, आणि आमच्याकडेही तोच चालतो, म्हणजे फेसऑफ (दोघांच्या मधे पक टाकून खेळ परत सुरू करणं) आपल्याच गोलजवळ, तेच दमलेले पाच जण, समोर ताजे पाच. दुसरी क्लिप 1 मिनिट 21. त्यात आमचे तिन्ही फॉरवर्ड पक अर्धवट आत ढकलून बेंचकडे पळत आले, पक लगेच परत फिरला आणि हे दोन डिफेन्समन मागे लटकले. फॉरवर्ड का पळत आले? कारण कोणीतरी चेंज चेंज ओरडलं. ते कोण ओरडलं हे व्हिडिओत ऐकू येत नाही पण बेंचवर सूट घातलेला एकच माणूस होता.

तिसरी क्लिप मी त्या रात्री किती वेळा बघितली माहीत नाही. तोच गोल, जिथे तो नुसता उभा राहिला. 1 मिनिट 47. पण त्यातलं 55 वं सेकंद बघा. पक त्यांच्या झोनमधे गेलाय, लाँग चेंज असूनही वेळ आहे, ट्रॅक्टर लाल रेषा ओलांडून बेंचकडे येतो, बरोब्बर येतो, शिकवल्यासारखा. दारापासून पाच-सहा फुटांवर येऊन वर बघतो. बेंचवर एकही डिफेन्समन उभा नाही. कोणाचं नाव पुकारलेलंच नाही. आणि त्यांच्या मागे मी, मान खाली, हातातला तीन रंगांचा कागद वाचतोय. तो एक सेकंद थांबतो, वळतो आणि परत मागे जातो, कारण तो बाहेर आला असता तर आपण चारच उरलो असतो. पुढे 52 सेकंदांनी गोल.

चौथा गोल आमच्या सगळ्यात अनुभवी जोडीवर झाला होता, त्याला मी मॅचमधेच नशीब म्हणून सोडून दिलं होतं. तोही मोजला. 1 मिनिट 14.

बसमधे अंधार होता. ट्रॅक्टर मधल्या रांगेत पाय पॅसेजमधे टाकून झोपलेला, निदान डोळे मिटलेले. मला त्याला उठवून सांगावंसं वाटलं पण धीर नाही झाला. बाबांना मेसेज केला, ते उशिरापर्यंत जागे असतात, लगेच फोनच आला. बाबा मिरजेला शाळेच्या खो-खो टीममधे होते, हॉकीचे नियम त्यांना 25 वर्षांनीही अर्धेच कळतात आणि बाकीचे अर्धे ते खो-खोचे लावतात. मी सगळं सांगितलं, हळू आवाजात, ड्रायव्हरशिवाय कोणाला ऐकू जाणार नाही असं, आणि मराठी कोणाला कळणार होतं म्हणा. बाबा थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "म्हणजे तो पळत खो द्यायला आला आणि रांगेत बसलेलंच नव्हतं कोणी."

मी म्हटलं, हो.

"आणि दमून बाद झाल्यावर तू त्यालाच बाहेर काढलंस."

फोन ठेवला आणि मग झोप आली नाही.

सकाळी हॉटेलच्या ब्रेकफास्टला तो वॉफलच्या मशीनपाशी एकटा उभा होता. मी म्हटलं प्लेट घेऊन इकडे ये. लॅपटॉप फिरवून तिसरी क्लिप लावली, 50 व्या सेकंदापासून. काही बोललो नाही. त्याने बघितली. मग मी बोट ठेवलं, त्याच्यावर नाही, कागद वाचणाऱ्या माणसावर. म्हटलं, ही चूक माझी आहे, तू बरोबर होतास, आणि मी तुला बसवायला नको होतं. सॉरी.

तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. मग म्हणाला, "कोच, मला वाटलं तू मला बघितलंस आणि मुद्दाम ठेवलंस. आधीच्या गोलची शिक्षा म्हणून."

यावर काय बोलणार. म्हणजे हा पोरगा तसं समजून परत वळला होता आणि 52 सेकंद त्याच समजुतीत खेळला होता. शिक्षा भोगतोय म्हणून. हे कुठल्या आकड्यात दिसतं सांगा. मायनस तीन मधे दिसत नाही, आणि मी मोजलेल्या 1 मिनिट 47 मधेही दिसत नाही.

दुपारी मीटिंगमधे मी चारही क्लिप्स सगळ्यांना दाखवल्या, बेंचवर झूम करून. कॅप्टन हसला, मग सगळे हसले, एकजण म्हणाला कोच तुझा टाय छान दिसतोय. मग कामाचं बोललो. रविवारी डिफेन्सच्या तीन जोड्या मी पुकारणार नाही, आमचा 33 वर्षांचा डिफेन्समन बेंचवरून स्वतः फिरवेल, जो दाराकडे येईल त्याच्यासाठी पुढची जोडी आधीच उभी. बॅकअप गोलकीपरला सांगितलं, दार तर उघडशीलच पण 40 सेकंद झाले की मोठ्याने सांग. तो म्हणाला गोलकीपरला निदान काहीतरी काम मिळालं.

रविवारी 2-1 हरलो. त्यांचा गोलकीपर भयंकर खेळला, आमचा एक शॉट पोस्टला लागला, होतं असं. दुसऱ्या पिरियडला एकही गोल खाल्ला नाही. ट्रॅक्टरची सगळ्यात लांब शिफ्ट 58 सेकंद, तीही पेनल्टी किलमधली. रेडिओवाल्याने माईक पुढे केला तेव्हा त्याच्या प्रश्नाआधीच मी म्हटलं की काल मी इथे जे बोललो ते चुकीचं होतं, चूक बेंचची होती, म्हणजे माझी. तो गडबडला, त्याच्या यादीत तो प्रश्न नव्हता.

घरी परतायला पहाट झाली. हेड कोचचा फोटो आला होता, मुलगी झाली, खाली लिहिलेलं, पोरांनी त्रास दिला का. मी लिहिलं, पोरांनी नाही. मग ड्रायक्लीनला सूट द्यायला खिसे तपासले तर तो तीन रंगांचा कागद निघाला, घामाने सगळे रंग एकमेकांत गेलेले, एकही नाव वाचता येत नव्हतं.