गाठोड्याचे फडके

परवा दुपारी पावासाठी कोमट साखरपाण्यात यीस्ट भिजत घातले आणि फेस येईपर्यंत ओट्याशी उभा राहिलो. साखर आहे तोवर या एकपेशीय जिवाचे मजेत चालते. पण अन्न, विशेषतः नायट्रोजन, आटले की तो आपल्याच पेशीतले जिन्नस दुहेरी पटलाच्या पिशव्यांत भरतो, रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या पचनाच्या कप्प्यात, नेऊन पचवतो आणि त्यातून निघेल त्यावर तग धरतो. जपानी पेशीशास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमी यांनी रिक्तिकेतली पाचक विकरे नसलेले यीस्ट उपाशी ठेवले, तेव्हा न पचलेल्या पिशव्या तिथे साचून साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसू लागल्या. या स्वभक्षणाच्या उलगड्यासाठी त्यांना २०१६ साली नोबेल मिळाले.

माझे मन मात्र त्या पिशवीतच अडकते. आजी बोहारणीसाठी जुनेर साठवत असे, आणि गाठोडे बांधायला नेहमी एक धडके, जाड फडके काढी. लुगड्याचे विरलेले टोक मी पुढे केले, तर म्हणे, "चिंध्या चिंधीत बांधतात होय रे?" पातेल्यावरून बोहारणीशी चालणारी तिची घासाघीस तासभर चाले, पण फडक्याच्या बाबतीत तडजोड नसे.

यीस्टचेही तसेच असावे: मोडीचे जिन्नस बांधायच्या पिशवीलाही धड फडके लागत असावे. स्फिंगोलिपिड हे मुख्यतः पेशीच्या बाह्य पटलातले मेद; त्यांच्या घडणीची पहिली पायरी, म्हणजे सेरीन आणि पामिटिक आम्लाचा सांधा, एलसीबी१ आणि एलसीबी२ या जनुकांच्या हाती असते, तर पुढची एक महत्त्वाची पायरी एयूआर१ सांभाळते. या पायऱ्या अडवल्या की स्वभक्षणही मंदावते, असे यीस्टवरील प्रयोगांत दिसले आहे. अमिनो आम्लांची चणचण भासते तेव्हा टॉर्क-२ आणि वायपीके१ ही नियामक प्रथिनांची जोडी स्वभक्षणाला चालना देते, आणि हीच जोडी ऑर्म प्रथिनांचा लगाम सैल करून स्फिंगोलिपिडांची घडणही वाढवते. मोडणे आणि घडवणे यांचा कारभारी एकच निघावा, हे मला फार आवडते.

स्वभक्षणाची जनुके काढून टाकलेले यीस्ट सुबत्तेत धडधाकट दिसते आणि उपासमारीत मरू लागते. एलसीबी१ची गोष्ट वेगळी आहे: हे जनुक गेले आणि बाहेरून आयता पर्याय मिळाला नाही, तर पेशी भरल्या ताटावरही जगत नाही.