चाकात गुंडाळलेलं सूत

अण्णांना लकवा झाला आणि घरात घडीची व्हीलचेअर आली. मी रोज ओल्या फडक्यानं ती पुसायचे आणि त्यालाच निगा समजायचे. दोन महिन्यांतच पुढचं डावं छोटं चाक अडायला लागलं. सरळ ढकलली तरी खुर्ची डावीकडं ओढायची. बेअरिंग गेलं असं समजून मी नव्या चाकाची चौकशी करून आले. अण्णा म्हणाले, "बदलू नको. आधी खोलून बघ, सूत गुंडाळलं असंल."

आम्ही सोलापुरात अशोक चौकाच्या मागच्या बाजूला राहतो. शेजारी दोन्हीकडं यंत्रमाग आहेत, त्यामुळं गल्लीत सूत उडायचंच. अण्णांचं सगळं आयुष्य मागावर गेलेलं. मी एक पाना नटाला लावला, दुसऱ्यानं बोल्ट धरला आणि चाक काढलं. आसाभोवती सूत, केस आणि काळी माती यांचा घट्ट गोळा बसला होता. ब्लेडनं कापून चिमट्यानं ओढत बसले, अर्धा तास गेला. अण्णांनी त्यातला एक धागा उजव्या हाताच्या बोटांत चोळून बघितला आणि म्हणाले, "टॉवेलचं हाय. चादरीचं न्हवं." आजारपणानंतर इतक्या खात्रीनं ते पहिल्यांदाच काही बोलले.

वॉशर आणि बुश ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं मी वर्तमानपत्रावर मांडून ठेवले होते, म्हणून बसवताना घोळ झाला नाही. तरी नट जास्त आवळला. चाक फिरेना. सैल केला तर चालताना थरथरायला लागलं. शेवटी बोटानं ढकलल्यावर चाक सुरळीत फिरेल आणि आडवं हलवलं तर हलणार नाही, इतपतच आवळून ठेवला. तेल मात्र भरमसाट ओतायचं नाही, आपल्याकडची धूळ त्यावर चिकटून बसते. आता दर रविवारी पुढची दोन्ही चाकं बघते आणि महिन्यातून एकदा खोलते.

घडी घालायलाही मी चुकतमाकतच शिकले. आधी पाय ठेवायच्या पट्ट्या वर करायच्या, उशी काढायची, मग सीट मधोमध धरून वर ओढायची. उघडताना सीटच्या दोन्ही बाजूंचे पाइप तळहातांनी खाली दाबायचे, बोटं आतल्या बाजूला ठेवून. मी पाइपभोवती बोटं वळवली आणि दोन बोटं चेंगरली. नख काळं पडलं ते महिनाभर तसंच. आमची खुर्ची लोखंडी, 18 किलोची. हात टेकायच्या दांड्याला धरून उचलली तर दांडाच निघून हातात येतो. उचलायची ती खालच्या पक्क्या चौकटीला धरून, तेही दोघांनी.

मिटल्यावर ती जेमतेम फूटभर रुंद होते, तेव्हा रिक्षात मावते. आधी अण्णांना बसवायचं, मग त्यांच्या पायांपुढं खुर्ची आडवी घालायची. वाटेत आपोआप उघडू नये म्हणून नाडीनं बांधते आणि ब्रेक लावून ठेवते. कारच्या डिकीत नेताना खाली जुनी सोलापुरी चादर घालते, तिच्यासारखं जाड दुसरं काही नाही.

पुण्याला तपासणीला जाताना एकदा आम्ही खासगी बसनं गेलो. खुर्ची डिकीत टाकली आणि त्यावर पोती रचली गेली. उतरल्यावर बघितलं तर पुढच्या चाकाचा फोर्क वाकलेला आणि पायाची एक पट्टी गायब. तिथं कोणी दाद दिली नाही. अण्णांचा डावा पाय दिवसभर लोंबकळत राहिला, ते आठवलं की अजून जिवाला लागतं. परत आल्यावर गल्लीतल्या सायकलवाल्या मामांनी फोर्क सरळ केला. खुर्ची सपाट फरशीवर ठेवून चारी चाकं टेकतात का ते दाखवलं, तेव्हाच पैसे घेतले. "ताई, सुटणारं सगळं सोडवून आपल्याजवळ ठेवायचं," असं त्यांनी बजावलं. तेव्हापासून पट्ट्या, उशी आणि सुटणारे दांडे एका पिशवीत घालून मी मांडीवर घेते. पुढच्या वेळी रेल्वेनं गेलो. साध्या डब्याच्या दारातून उघडी खुर्ची आत जाणं कठीण. दिव्यांगांच्या डब्याचं दार रुंद असतं. तो डबा कुठं लागतो ते मी आदल्या दिवशीच स्टेशनवर विचारून आले होते.

सगळ्यात जास्त घाबरले ती वेळ वेगळीच. दवाखान्याच्या उतारावर दोन्ही ब्रेक लावून मी केसपेपर काढायला वळले आणि खुर्ची सरकायला लागली. एका आजोबांनी काठी आडवी घातली म्हणून थांबली. ब्रेक चांगला होता, मागच्या चाकांत हवा कमी होती. ब्रेकचा दांडा टायरला दाबून धरतो. टायर मऊ असेल तर पकड कुठून येणार? मागची चाकं 24 इंची, ट्यूब सायकलच्या दुकानात मिळते आणि हवाही तिथंच भरून मिळते. आता बाहेर पडण्याआधी ब्रेक लावून खुर्ची जोरानं ढकलून बघते. हलली तर आधी हवा, मग बाकीचं. उतारावरून नेताना मी मागं बघत उलट्या पावलांनी चालते आणि खुर्ची उलटी उतरवते. थांबायचं झालं तर खुर्ची उताराला आडवी ठेवते आणि हात सोडत नाही.

उन्हाळ्यात खुर्ची अंगणात ठेवायची नाही. सोलापूरचं ऊन 40 अंशांच्या पुढं जातं. रेक्झिन असं तापतं की हात लावता येत नाही, आणि अण्णांच्या डाव्या मांडीला चटका कळतही नाही. म्हणून बसवण्याआधी मी स्वतः हात टेकून बघते, मग वर टॉवेल अंथरते. सीट मधे झोल पडून खाली गेली की तीही बदलायची, नाहीतर अण्णा एका बाजूला कलतात.

उजव्या पायाची पट्टी आता आम्ही घरात काढूनच ठेवतो. अण्णा उजव्या पायानं जमीन रेटतात, उजव्या हातानं चाक फिरवतात आणि दारापर्यंत आपले आपण जातात. काल माग बंद झाल्यावर ते तिथूनच ओरडले, "पोरी, डावं चाक पुन्हा ओढतंय. पाना आण."