पुण्याने कोड छाटला, न्यूयॉर्कने कोड वाढवले

एखाद्या जुन्या दुकानाच्या पाटीवर ‘पुणे ०२१२’ असं दिसलं तर तो नंबर लावून बघण्यात अर्थ नाही, तो कोड कधीच बंद झाला. शहर वाढलं म्हणून कोड बदलला हे खरं, पण शहर वाढल्यावर कोड लांबायला हवा असं वाटतं. पुण्याचा उलट आखूड झाला: ०२१२ चा ०२०.

यात गणित सोपं आहे. सुरुवातीचं शून्य धरायचं नाही, ते फक्त ‘आता बाहेरगावचा नंबर येतोय’ असं एक्स्चेंजला सांगण्यापुरतं असतं. मग उरतात २१२ हे तीन आकडे आणि ग्राहकाचे सहा, एकूण नऊ. सहा आकड्यांत कागदावर दहा लाख नंबर बसतात. पण ० ने सुरू होणारे एसटीडीसाठी आणि १ ने सुरू होणारे १००, १०१ सारख्या सेवांसाठी राखीव, म्हणजे राहिले आठ लाख. त्यातही नंबर सुटे वाटले जात नाहीत, मालिकेने वाटले जातात. एका पेठेच्या एक्स्चेंजला दिलेली मालिका अर्धी रिकामी असली तरी ती दुसऱ्या उपनगराला देता येत नाही. म्हणून नंबर ‘संपतात’ ते ग्राहकांची संख्या आठ लाखांवर जायच्या बऱ्याच आधी.

एकूण आकडे नऊच ठेवायचे आणि ग्राहकाला सातवा आकडा द्यायचा, तर तो कोडातून काढून घ्यावा लागतो. मग २१२ मधला शेवटचा २ उडवून नुसता २१ का नाही ठेवला? कारण २१ च्या फांदीवर आधीच गर्दी होती: सोलापूर ०२१७, सातारा ०२१६२, बारामती ०२११२. एक्स्चेंज आकडे डावीकडून उजवीकडे वाचत जातं. २१ म्हणजे पुणे ठरलं असतं, तर सोलापूरचा ७ त्याने पुण्यातल्या कुणाच्या तरी नंबरचा पहिला आकडा समजून घेतला असता. त्यामुळे जिच्याखाली एकही गाव नाही अशी फांदी लागते, आणि २० तशी होती. बंगळूरचं ०८१२ चं ०८०, हैदराबादचं ०८४२ चं ०४० आणि अहमदाबादचं ०२७२ चं ०७९ याच हिशेबाने झालं.

आपल्या शहरालाही दोन आकडी कोड का नाही, असं नागपूरकरांनी विचारलं तर उत्तर हेच. दोन आकडी कोड दिला की देशाच्या एकूण नंबरांतला शंभरावा हिस्सा एका शहराच्या नावावर जातो. असे कोड आठच आहेत: दिल्ली ११, पुणे २०, मुंबई २२, कोलकाता ३३, हैदराबाद ४०, चेन्नई ४४, अहमदाबाद ७९, बंगळूर ८०.

पुढे नऊही पुरेनात, म्हणून देशभर एकूण आकडे दहा केले गेले आणि सरकारी कंपन्यांच्या लँडलाइनला पुढे २ जोडला गेला. आता नियम पक्का आहे. दोन आकडी कोड असेल तर नंबर आठ आकडी, तीन आकडी असेल तर सात (कोल्हापूर २३१), चार आकडी असेल तर सहा (रत्नागिरी २३५२). बेरीज दहा आली नाही तर नंबर चुकीचा किंवा जुना. मुंबईत ही जोड सहज ओळखू येते: दादरचे ४ ने सुरू होणारे नंबर २४ ने सुरू झाले, ठाण्याचे ५ वाले २५ ने, नवी मुंबईचे ७ वाले २७ ने. एमटीएनएल किंवा बीएसएनएलचा सात आकडी मुंबई-पुण्याचा नंबर कुठे सापडला तर पुढे २ लावून बघावा. टाटांच्या खासगी फोन कंपनीचे नंबर आधी ५ ने सुरू व्हायचे, ते नंतर ६ ने झाले. तिथे २ लावला तर भलत्याच घरी घंटा वाजेल.

मुंबईचा पसारा वाढला तसा ०२२ ठाणे, मीरा-भाईंदर, नवी मुंबईपर्यंत पोचला, पण कल्याण-डोंबिवली ०२५१, वसई-विरार ०२५० आणि भिवंडी ०२५२२ वरच राहिले. लोकल एकच, कोड वेगळा. कारण कोडाची हद्द महापालिकेने किंवा रेल्वेने ठरत नाही, ती ठरते कॉलच्या दर-आकारणीच्या क्षेत्राने, जे साधारण तालुक्याएवढं असतं. देशात अशी सुमारे २,६०० क्षेत्रं आहेत. मुंबईहून डोंबिवलीला ९५२५१ लावण्याचे दिवस अनेकांना आठवत असतील. जवळच्या क्षेत्राला पूर्ण एसटीडीचा दर नको म्हणून शून्याऐवजी ९५ लावायचं, अशी ती सोय होती. पाठ करणाऱ्यांची मात्र पंचाईत, कारण एकाच घराचा नंबर मुंबईहून एका तऱ्हेने आणि दिल्लीहून दुसऱ्या तऱ्हेने सांगावा लागे.

अमेरिकेने नेमकी उलटी वाट धरली, आणि तीही नाइलाजाने. १९४७ मध्ये तिथल्या आराखड्यात ८६ एरिया कोड होते. न्यूयॉर्कला २१२ मिळाला, कारण गोल तबकडीच्या फोनवर तो लावायला सर्वांत कमी वेळ लागे: दोन, एक, दोन मिळून पाचच ठोके. (शून्याचे एकट्याचे दहा.) कोड तीन आकडी आणि नंबर सात आकडी, हे माप अमेरिका, कॅनडा आणि कॅरिबियन बेटं धरून वीस देशांत एकच आहे. तिथे एका शहरासाठी आठवा आकडा जोडता येत नाही. उरतो एकच मार्ग, नवा कोड.

एका कोडात किती नंबर? सातांपैकी पहिले तीन आकडे म्हणजे एक मालिका. तिचा पहिला आकडा २ ते ९, पुढचे दोन कोणतेही, त्यातून ९११ सारखे आठ वगळले की ७९२ मालिका. प्रत्येकीत १०,००० नंबर, म्हणजे ७९ लाख २० हजार. न्यूयॉर्कला ते पुरले नाहीत. १९८४ मध्ये ब्रुकलिन, क्वीन्स आणि स्टॅटन आयलंड तोडून त्यांना ७१८ दिला. १९९२ मध्ये ब्राँक्सही ७१८ मध्ये गेलं आणि पेजर-मोबाइलसाठी ९१७ आला. तो नकाशाच्या तुकड्यावर नव्हता, सगळ्या शहरावर पांघरला होता. १९९९ मध्ये मॅनहॅटनवर ६४६ आणि बाकी भागांवर ३४७, २०११ मध्ये ९२९, २०१७ मध्ये ३३२.

फोड आणि पांघरूण, दोन्हींची किंमत मोजावी लागते. फोडीत अर्ध्या लोकांचा नंबर बदलतो: पाट्या, लेटरहेड, बिलबुकं सगळं नव्याने. काही महिने दोन्ही कोड चालतात, मग जुन्यावर ध्वनिमुद्रित सूचना ऐकू येते. पांघरुणात कुणाचाच नंबर बदलत नाही, पण शेजाऱ्याचा कोड वेगळा असू शकतो, म्हणून सात आकडे लावून भागत नाही. न्यूयॉर्कमध्ये २००३ पासून समोरच्या इमारतीतही १ धरून अकरा आकडे लावावे लागतात. तरीही पांघरूणच बरं. बदलाचा त्रास सगळ्यांत थोडा थोडा वाटला जातो, एकाच बाजूला पडत नाही.

नव्वदच्या दशकात तिथे कोड भराभर संपले, त्याला फक्त फॅक्स आणि मोबाइल कारण नव्हते. १९९६ च्या कायद्याने स्थानिक सेवेत स्पर्धा आली. प्रत्येक नव्या कंपनीला प्रत्येक आकारणी क्षेत्रात अख्खी १०,००० ची मालिका मिळे, ग्राहक दोनशे असले तरी. पुण्याच्या पेठेतल्या रिकाम्या मालिकेचीच ही मोठी आवृत्ती. मग वाटप हजाराच्या गठ्ठ्यांनी सुरू झालं, आणि ते नंबर पोर्टेबिलिटीच्या (कंपनी बदलली तरी नंबर तोच ठेवण्याच्या) यंत्रणेमुळे जमलं: एकाच मालिकेतले नंबर वेगवेगळ्या कंपन्यांकडे असले तरी कॉल कुठे पाठवायचा हे एक्स्चेंज विचारून घेतं.

बिघाड मात्र यंत्रांच्या पोटात होतात. १९९५ पर्यंत अमेरिकी कोडाचा मधला आकडा ० किंवा १ च असे. अनेक कार्यालयांच्या इपीएबीएक्समध्ये, म्हणजे कार्यालयातल्या छोट्या खासगी एक्स्चेंजमध्ये, तीच तपासणी बसवलेली होती. त्या वर्षी ३३४ आणि ३६० सुरू झाले, आणि या यंत्रांना ते कोडच वाटेनात, कॉल बाहेरच पडेना. आपल्याकडेही १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला आधी शून्य लावणं सक्तीचं झालं. ६ ने सुरू होणारा आठ आकडी लँडलाइनही असतो आणि दहा आकडी मोबाइलही. शून्याने दोन्ही वेगळे होतात आणि मोबाइलसाठी नव्या मालिका मोकळ्या होतात. माणसं आठवड्यात सरावतात. लिफ्टमधला आपत्कालीन फोन, चोरघंटीचा डायलर, फॅक्समध्ये साठवलेले नंबर सरावत नाहीत. त्यांतला प्रत्येक नंबर हाताने बदलून, एकदा लावून बघावा लागतो.

साठवताना सगळे नंबर +९१ ने साठवावेत आणि कोडाचं शून्य गाळावं: +९१ २० आणि पुढे आठ आकडे. +९१ ०२० असं लिहिलेले कितीतरी व्हिजिटिंग कार्ड फिरतात, परदेशातून ते लागत नाहीत.

फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, शिफारस केली आहे की लँडलाइनवरून लँडलाइनलाही, अगदी गावातल्या गावात, शून्य आणि कोडासकट नंबर लावावा. नंबर तेच राहतील, फक्त कोथरूडहून डेक्कनला फोन करताना ०२० लावावा लागेल. ज्यांच्या इपीएबीएक्समध्ये ‘आठ आकडे म्हणजे स्थानिक’ असा नियम भरलेला आहे, त्यांनी तो कुठल्या तक्त्यात आहे हे आताच शोधून ठेवावं.