पाच पॉइंट एक आणि ते दोघं

स्वतःसाठी होम थिएटर घेणं सोपं असतं. खोली आपली, टीव्ही आपला, कान आपले आणि फसलो तर बोलणी खाणारेही आपणच. दुसऱ्याच्या लग्नात द्यायला घ्यायचं म्हटलं की यातलं एकही ठाऊक नसतं. ते दोघं कुठल्या घरात राहणार, हे कधीकधी त्यांनाच नक्की माहीत नसतं. तरी मित्रमंडळींनी वर्गणी काढली की कुणीतरी हटकून म्हणतंच, "होम थिएटर देऊ या!" खोका भरभक्कम असतो, चौघांत उठून दिसतो, वर्गणी कुठे गेली ते समजतं. आणि भिंतीवरची घड्याळं द्यायला बाकीचे लोक आहेतच.

आमच्यात हे काम माझ्याकडे आलं, कारण मला वायरींतलं कळतं असा सगळ्यांचा समज आहे. तो खोडून काढायच्या भानगडीत मी पडत नाही.

खोक्यावर सगळ्यात ठळक छापलेला आकडा बहुतेक वेळा सगळ्यात बिनकामाचा असतो. स्वस्तातल्या मालावर 'पीएमपीओ' म्हणून हजारोंनी वॅट लिहिलेले दिसतात. हा आकडा फार तर एखाद्या क्षणापुरता, तोही कागदोपत्री. तो कसा काढायचा याला धड नियम नाही, त्यामुळे ज्याला जेवढा छापवेल तेवढा तो छापतो. यंत्र सतत किती ताकद देऊ शकतं हे पाहायचं तर 'आरएमएस' शोधायचा. तो खोक्याच्या बुडाशी बारीक अक्षरात सापडतो आणि बराच नम्र असतो. पण त्याच्यावरूनही भांडू नये. वॅट दुप्पट झाले म्हणून आवाज दुप्पट होत नाही, तो जेमतेम 3 डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण 10 डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. तेव्हा 40 वॅट की 80 वॅट यावर आमच्या मंडळींत झालेली तासाभराची चर्चा ऐकायला छान होती, एवढंच.

आता 5.1. पुढे डावा, उजवा आणि मधला, मागच्या बाजूला दोन, आणि तो पॉइंट एक म्हणजे सबवूफर, फक्त धडधड आणि गडगडाटापुरता. यातल्या मधल्याबद्दल मला विशेष जिव्हाळा आहे. अ‍ॅलन ब्लमलाइन नावाच्या ब्रिटिश इंजिनिअरची एक गोष्ट सांगतात. तो त्याच्या होणाऱ्या बायकोबरोबर, डोरीनबरोबर, सिनेमाला गेला होता. पडद्यावरचा माणूस एका बाजूला आणि त्याचा आवाज भलत्याच बाजूने, हे त्याला इतकं खटकलं, की आवाज माणसाच्या मागे चालवायची युक्ती आपल्याला सापडली आहे, असं त्याने तिला सांगून टाकलं. 1931 साली त्याने स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि 1933 साली डोरीनशी लग्न. या क्रमाबद्दल तिचं काय म्हणणं होतं ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. पण होम थिएटर ही लग्नाची भेट म्हणून अगदीच विजोड नाही, एवढं यावरून म्हणता येईल.

पाचांच्या मांडणीत बोलणाऱ्या माणसाचा आवाज मुख्यतः या मधल्या स्पीकरमधून येतो. घरोघरची खरी तक्रार इथेच आहे. टीव्ही इतके चपटे झाले की त्यांच्यात स्पीकरला जागाच उरली नाही. तो खाली किंवा मागे भिंतीकडे तोंड करून बोलतो. मग रात्री दोघं सिनेमा लावून बसतात तेव्हा अंगठा रिमोटवरून हलत नाही. पडद्यावर कुणी कुजबुजलं की आवाज वाढव, गाडी उडाली की घाईघाईने कमी कर, पुन्हा कुजबुज, पुन्हा वाढव. मध्येच एकजण विचारतो, "काय म्हणाली ती?" दुसरा सांगेपर्यंत ती पुढचं काहीतरी म्हणून गेलेली असते. या दोघांना हजार वॅट नकोत. त्यांना 'काय म्हणाली ती' हे ऐकू यायला हवंय, आणि तेही शेजाऱ्यांना न कळता. म्हणून मी मधला स्पीकर स्वतंत्र आहे का ते आधी पाहतो, आणि रिमोटवर संवाद उठवणारं किंवा रात्रीसाठी आवाजाचे चढउतार सपाट करणारं बटण आहे का, ते त्यानंतर.

मागचे दोन स्पीकर मात्र मी सरळ वगळतो. ते बसणाऱ्याच्या बाजूला, जरासे मागे हवेत, आणि नव्या घरात सोफा हमखास भिंतीला चिकटलेला असतो. शिवाय त्यांच्या वायरी कुठून न्यायच्या, गालिच्याखालून की दाराच्या चौकटीवरून, हा प्रश्न नव्या जोडप्याच्या पहिल्याच आठवड्यात कशाला उपस्थित करायचा? 'वायरलेस' लिहिलेले असतात, पण त्यांनाही वीज लागतेच. टीव्हीकडच्या दोन वायरी जातात आणि प्लगच्या दोन येतात. मुख्य मुद्दा पैशांचा. तेवढ्याच वर्गणीत सहा डबे घेतले तर सहाही हलके येतात. त्यापेक्षा समोरचे तीन आणि एक सबवूफर, म्हणजे 3.1 चा साउंडबार (समोरचे तिन्ही एकाच लांब पट्टीत), हे मला पटतं. यावर आमच्यातली एकजण म्हणाली, "पण देताना खोका लहान दिसेल रे." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. लहान दिसतोच तो.

सबवूफरचा एक फायदा आहे. 80 हर्ट्झच्या खालचा, खर्जातला आवाज नेमका कुठून येतोय हे कानाला सहसा सांगता येत नाही, त्यामुळे तो सोफ्याच्या बाजूलाही ठेवता येतो. कोपऱ्यात कोंबला तर मात्र घुमतो आणि भिंतीपलीकडे जातो. योग्य जागा शोधायची जुनी युक्ती अशी की सबवूफर आपल्या बसायच्या जागी ठेवायचा, गाणं लावायचं आणि खोलीभर रांगत फिरायचं. जिथे ठोका स्वच्छ ऐकू येईल ती त्याची जागा. ही युक्ती चिठ्ठीवर लिहून खोक्यात टाकावी असं माझं मत आहे. दोघांतलं कोण रांगतं हेही त्यानिमित्ताने ठरेल.

डॉल्बी अ‍ॅटमॉसचा शिक्का, म्हणजे आवाज डोक्यावरूनही आल्यासारखा वाटावा अशा तंत्राचा, हल्ली स्वस्तातल्या साउंडबारवरही असतो. छताकडे तोंड केलेले स्पीकर, म्हणजे 5.1.2 मधला तो शेवटचा आकडा, नसेल तर वरून येणारा आवाज हा हिशेबाने रचलेला भास असतो. त्यासाठी वर्गणी वाढवायची गरज नाही.

जोडणीकडे मात्र बघावंच लागतं. टीव्हीला एचडीएमआय एआरसीचं, म्हणजे टीव्हीचा आवाज बाहेर साउंडबारकडे पाठवणारं, भोक असेल तर एका केबलीत काम होतं आणि बऱ्याचदा टीव्हीच्याच रिमोटने साउंडबारचा आवाजही चालतो. ही सोय 2009 पासूनची आहे, त्यामुळे फार जुना टीव्ही असेल तर ऑप्टिकल केबल शोधावी लागते. यासाठी टीव्हीच्या पाठीचा फोटो हवा. भेट गुपित ठेवायची असं आमच्यात काहीजणांचं फार होतं. मी नवरदेवाच्या भावाला फोन करून सरळ फोटो मागवला. गुपित फुटलं तर एक दिवस चुटपुट लागते, भोक जुळलं नाही तर भेट खोक्यातच राहते.

राहिलं बिल. ते वर्गणीच्या हिशेबासाठी आपल्याकडेच पडून राहतं आणि वॉरंटीच्या वेळी कुणालाच सापडत नाही. त्याचा फोटो आपल्यापाशी ठेवून मूळ बिल खोक्यात द्यावं. आणि बदलून मिळायची मुदत लग्नाच्या तारखेपासून नव्हे, खरेदीच्या तारखेपासून मोजतात. म्हणून मी खरेदी शेवटच्या आठवड्यापर्यंत लांबवली आहे, आणि सगळे मला आळशी म्हणताहेत.