शब्दकोश उघडण्याची योग्य वेळ

इंग्रजी बऱ्यापैकी वाचता येऊ लागले की प्रगतीचा वेग मंदावतो, असा बहुतेक विद्यार्थ्यांचा अनुभव असतो. त्याचे कारण व्याकरणात कमी आणि शब्दांच्या वारंवारतेत अधिक आहे. न्यूझीलंडचे भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन यांनी २००६ मध्ये मांडलेल्या हिशोबानुसार, कादंबऱ्या आणि वृत्तपत्रे कोणाच्या मदतीशिवाय वाचायची असतील तर सुमारे ८,००० ते ९,००० शब्दकुटुंबे ठाऊक असावी लागतात. मूळ शब्द आणि त्यापासून तयार झालेली रूपे मिळून एक शब्दकुटुंब धरले जाते. त्यांपैकी पहिली दोन-तीन हजार कुटुंबे वाचनात इतक्या वेळा समोर येतात की ती वेगळी शिकावी लागत नाहीत. पुढची मात्र एकदा दिसली की पुन्हा कधी दिसतील याचा भरवसा नसतो, आणि तोवर पहिली ओळख पुसली गेलेली असते.

अशा शब्दांसाठी बहुतेक जण शब्द आणि अर्थ यांच्या याद्या पाठ करतात. केवळ व्याख्येवर विसंबल्यास काय होते, हे जॉर्ज मिलर आणि पॅट्रिशिया गिल्डिया यांनी १९८७ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील एका लेखात फार छान दाखवले होते. मुलांनी शब्दकोशात अनोळखी शब्द पाहायचा आणि तो वापरून वाक्य लिहायचे, असा तो उपक्रम होता. ‘मेटिक्युलस’ म्हणजे अतिशय काळजी घेणारा, एवढे वाचून एका मुलाने ‘कड्यावरून पडण्याबाबत मी मेटिक्युलस होतो’ अशा अर्थाचे वाक्य लिहिले. ‘इरोड’च्या व्याख्येत, कुरतडून टाकणे या अर्थी, ‘ईट आउट’ हे शब्द होते. त्यावरून दुसऱ्याने ‘आमचे कुटुंब पुष्कळदा इरोड करते’ असे लिहिले, कारण त्याच्या मते हे बाहेर जेवायला जाण्याविषयी होते. या वाक्यांना हसू येते खरे, परंतु मोठ्या माणसांच्या स्पर्धा परीक्षांतील निबंधांत नेमका हाच प्रकार थोड्या अधिक रुबाबात आढळतो.

म्हणून शब्दकोश बाजूला ठेवून केवळ वाचत राहावे, असा सल्ला काही जण देतात. तो मला अर्धाच पटतो. विल्यम नेगी, रिचर्ड अँडरसन आणि पॅट्रिशिया हर्मन यांनी शालेय मुलांवर केलेल्या आणि १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, ओघात वाचताना अनोळखी शब्द एकदा भेटल्यावर त्याचा अर्थ कळण्याची शक्यता साधारण वीसात एक इतकीच असते. भरपूर वाचणाऱ्या मुलाला हे प्रमाण पुरते, कारण त्याच्या हाताशी बरीच वर्षे असतात. प्रौढपणी परकी भाषा शिकणाऱ्याला मात्र ते परवडत नाही.

शिवाय प्रत्येक संदर्भ मदत करतोच असे नाही. इझाबेल बेक, मार्गारेट मॅकिओन आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९८३ मध्येच संदर्भांचे प्रकार पाडून, काही संदर्भ अर्थाकडे नेतात, काही गप्प राहतात आणि काही चक्क दिशाभूल करतात, असे स्पष्ट केले होते. ‘तिने त्याचे म्हणणे ऐकून घेतले आणि लॅकॉनिक उत्तर दिले’ या वाक्यातील उत्तर नम्र, रागीट, विनोदी असे कसेही असू शकते. ‘एरवी पानभर लिहिणाऱ्या त्याने या वेळी लॅकॉनिक उत्तर पाठवले, फक्त दोन शब्दांचे’ हे वाक्य वाचल्यावर मात्र मोजके बोलणे हा अर्थ हाती लागतो. ‘दिवसभराच्या उन्हाने खेळाडू एनर्व्हेट झाले होते, तरीही त्यांनी सामना खेचून आणला’ हे वाक्य त्याहून अवघड आहे. ‘एनर्जी’शी असलेल्या वरवरच्या साम्यामुळे आणि पुढच्या विजयामुळे वाचक त्या शब्दाला उत्साह चिकटवतो, आणि ‘तरीही’ हा खरा धागा सुटून जातो. एनर्व्हेट होणे म्हणजे गलितगात्र होणे. ‘नॉइझम’ या शब्दाचाही गोंगाटाशी संबंध नाही. त्याचा अर्थ दुर्गंधीयुक्त किंवा अपायकारक असा आहे.

तेव्हा दोन्ही साधने हवीत, पण क्रम महत्त्वाचा आहे. आधी संदर्भावरून अंदाज करावा, आणि तो ‘काहीतरी वाईट असावे’ असा मोघम न ठेवता मराठीत नेमका लिहावा. त्यानंतरच शब्दकोश उघडावा. अंदाज आणि व्याख्या यांत जो फरक निघतो, तोच शब्द लक्षात ठेवायला सर्वांत जास्त मदत करतो.

शब्दकोशही विद्यार्थ्यांसाठी तयार केलेला असावा. १९७८ मध्ये निघालेल्या लाँगमनच्या कोशाने व्याख्या सुमारे २,००० सोप्या शब्दांतच लिहिल्या, त्यामुळे एक शब्द पाहताना आणखी तीन शब्द शोधण्याचा त्रास वाचला. १९८७ मध्ये जॉन सिंक्लेअर यांच्या संपादनाखाली आलेल्या कोबिल्ड कोशाने आणखी पुढे जाऊन पूर्ण वाक्यांत व्याख्या दिल्या आणि शब्द प्रत्यक्षात कोणाबरोबर येतो हे त्यातच सांगून टाकले. ही सोबत फार मोलाची असते. ‘मिटिगेट’ म्हणजे सौम्य किंवा कमी करणे, पण इंग्रजीत धोका, हानी आणि दुष्परिणाम मिटिगेट करतात. आनंद किंवा पगार नव्हे.

वहीत मी शब्द आणि अर्थ अशी जोडी लिहीत नाही. तो ज्या वाक्यात सापडला ते वाक्य लिहून शब्दाची जागा रिकामी ठेवते, आणि मागच्या बाजूला व्याख्येसोबत त्याच शब्दाची दोन वेगळी वाक्ये उतरवते. उजळणीमधले अंतर वाढवत न्यावे हे आता सर्वज्ञात आहे. विस्मरणाचा आलेख हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच मांडला होता.

काही वेळा व्याख्या आणि संदर्भ यांचेच पटत नाही, आणि मला हा सर्वांत रंजक भाग वाटतो. ‘डिसइंटरेस्टेड’ म्हणजे निःपक्षपाती, स्वार्थ नसलेला, असे काटेकोर लेखक मानतात. छापील इंग्रजीत मात्र तो ‘रस नसलेला’ या अर्थीही सर्रास आढळतो आणि कोश दोन्ही अर्थ नोंदवतात. वाचताना मी दोन्ही शक्यता उघड्या ठेवते आणि आजूबाजूच्या वाक्यांना निर्णय करू देते. लिहिताना मात्र तो न्यायाधीश किंवा पंच यांच्यासारख्या माणसाबद्दलच वापरते, आणि रस नसलेल्या माणसासाठी ‘अनइंटरेस्टेड’ लिहिते.