काळ्या पडद्याची वही

नाशिक, जानेवारी. शनिवार, रात्रीचे साडेदहा.

मुद्रितशोधनाच्या वहीच्या शेवटच्या पानावर गेले अकरा दिवस मी एक वेगळीच यादी करते आहे. सकाळी ९.१०, दोन सेकंद, ९.५५, तीन सेकंद, ११.३०, लागोपाठ दोनदा. संगणकाचा पडदा अचानक काळा होतो, मनातल्या मनात दोन-तीन आकडे मोजावेत इतका वेळ तसाच राहतो आणि मग काहीच घडले नसल्याप्रमाणे पुन्हा उजळतो. काम बुडत नाही, पण प्रत्येक वेळी आपण कोणत्या ओळीवर होतो हे शोधावे लागते, आणि इयत्ता सातवीच्या व्याकरणाचे मुद्रित तपासताना हरवलेली ओळ पुन्हा सापडणे ही काही हलकी गोष्ट नव्हे.

पहिला संशय अर्थातच सेटिंगवर गेला. पडदा आपोआप बंद होण्याची वेळ मी ‘कधीच नाही’ अशी केली, पण फरक पडला नाही, आणि पडायलाही नको होता. कारण त्या सेटिंगने मालवलेला पडदा माऊस हलवल्याशिवाय किंवा कळ दाबल्याशिवाय जागा होत नाही, तर माझा आपणहून जागा होत होता. काळोखाच्या त्या क्षणांत रेडिओवरचे गाणे चालू राहत होते आणि मी टाइप केलेली अक्षरेही नंतर फाइलमध्ये जागच्या जागी दिसत होती, म्हणजे संगणक शुद्धीवर होता. पडद्यावर चित्र उमटवणारी आज्ञावली, म्हणजे ग्राफिक्सचा ड्रायव्हर, कोलमडून पुन्हा उभा राहिला, तर विंडोज आपल्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१०१ क्रमांकाची नोंद करते. तिथे तशी एकही नोंद नव्हती. भाच्याने फोनवरून रॅमच्या पट्टीवर खोडरबर फिरवायला सांगितले. रॅम बिघडली तर संगणक असा दोन सेकंदांत सावरत नाही हे ठाऊक असूनही मी ते केले, कारण आपल्याकडे तो विधी केल्याशिवाय संगणकदुरुस्ती पूर्ण झाली असे कोणी मानत नाही.

मग बॅकलाइटची शंका आली. पडद्यामागचा दिवाच जात असेल, तर अंधारात टॉर्चचा तिरपा झोत टाकल्यावर चित्र अंधुकसे दिसते, असे मला माहीत होते. म्हणून एका रात्री मोबाइलचा टॉर्च लावून मी पडद्यासमोर वीस मिनिटे मांजरासारखी दबा धरून बसले, आणि त्या वीस मिनिटांत पडदा एकदाही काळा झाला नाही. ही नोंद मी वहीत वैतागून केली होती. आज ती वाचताना उत्तर तिथेच लिहिलेले होते, असे वाटते. दुरुस्तीवाल्यांनी मॉनिटर दोन दिवस चालू ठेवून पाहिला, तपासणीचे तीनशे रुपये घेतले आणि त्यात काहीही दोष नसल्याचे सांगून तो परत दिला. त्यांच्या दुकानात बसायला लाकडी स्टूल आहे.

आज दुपारी सासूबाई दिवाणावर बसून मटार सोलत होत्या. कुकरची तिसरी शिट्टी झाली, मी उठले, पडदा गेला. त्या मान वर न करताच म्हणाल्या, “अगं, तू उठलीस की तो डोळे मिटतो.”

मी वही उघडली. ९.१० म्हणजे दूधवाला, ९.५५ म्हणजे कुरिअर, ११.३० ला चहा टाकायला उठले आणि लगेच परत येऊन बसले. मी वेळ इतकी काटेकोर लिहिली होती, पण त्या वेळी मी स्वतः काय करत होते हा रकाना मला सुचलाच नव्हता. मग माझ्या चाकांच्या खुर्चीवरून दहा वेळा उठून पाहिले. चार वेळा पडदा काळा झाला. जेवणाच्या टेबलाची लाकडी खुर्ची ठेवून दहा वेळा उठले, एकदाही नाही.

नंतर वाचले तेव्हा कळले की हे जुनेच प्रकरण आहे. डग्लस स्मिथ या अभियंत्याने १९९३ मध्येच फर्निचरमधून होणाऱ्या विद्युतविसर्गाबद्दल लिहिले होते. गॅसच्या नळीवर वरखाली होणाऱ्या खुर्चीवरून माणूस उठतो, तेव्हा कपडे आणि गादी एकमेकांपासून सुटताना स्थिर वीज साठते. खालची चाके प्लास्टिकची असल्याने ती जमिनीत उतरत नाही आणि खुर्चीच्याच धातूच्या भागांमधील बारीक फटींत तिची ठिणगी उडते. आपल्याला झटका बसत नाही की आवाज येत नाही, पण त्या ठिणगीतून निघालेली लहर शेजारची केबल अँटेनाप्रमाणे पकडते. १९२० बाय १०८० ठिपक्यांच्या चित्रासाठी, संगणकातून मॉनिटरकडे चित्र नेणाऱ्या एचडीएमआय केबलच्या तिन्ही जोडतारांपैकी प्रत्येकीतून सेकंदाला सुमारे दीडशे कोटी बिट धावत असतात. तिथे ताल चुकला की मॉनिटर पडदा काळा करून तो पुन्हा जुळवत बसतो. जुन्या व्हीजीए केबलच्या काळात असे काही झाले तर चित्र फार तर क्षणभर थरथरले असते. नाशिकची कोरडी थंडी आणि माझा ॲक्रिलिकचा स्वेटर यांनी या कामी भरच घातली असणार. पावसाळ्यात याच खुर्चीने कधी तक्रार केल्याचे मला आठवत नाही.

माझी तीन मीटरची स्वस्त केबल टेबलाखाली वेटोळे होऊन खुर्चीच्या पायाशीच पडलेली होती. संध्याकाळी एम. जी. रोडवरून दीड मीटरची, चांगल्या आवरणाची आणि दोन्ही टोकांना अशा लहरी अडवणारी फेराइटची गाठ असलेली केबल आणली, ती टेबलाच्या मागून वरच्या वर ओढली आणि गादीवर सुती चादर घातली.

आतापर्यंत तेवीस वेळा उठले. नव्या केबलनंतर वहीत एकच नोंद आहे, आणि तीही माझी नाही: रात्री ९.५०, एक सेकंद, ‘बघू कशी आहे ती खुर्ची’ म्हणून सासूबाई नायलॉनच्या साडीत बसून उठल्या.